खडूच्या खुणा

उदगीरचे निवृत्त मास्तर मल्लिनाथअप्पा यांनी वीस वर्षं जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट घरीच बदलायला काढला. "मेकॅनिक काय आईच्या पोटातून शिकून येतेत का?" म्हणत मोबाईलवर सात व्हिडिओ बघितले, इंजिनाच्या दोन्ही चाकांवर खडूने एकेक खूण केली आणि जुना बेल्ट उतरवला. नवा बेल्ट त्या खुणा जुळवूनच चढवायचा होता, नाहीतर इंजिनाचा निकालच लागायचा.

"काय करायलाव?" बायकोनं, लक्ष्मम्मानं विचारलं.

"तुला न्हाई कळायचं," म्हणून अप्पा चहा प्यायला आत गेले.

परत आले तर दोन्ही चाकांवर विभूतीचे तीन-तीन ठसठशीत पट्टे!

"गाडीचं पोट फाडलाव अन् देवाचं नाव न्हाई," लक्ष्मम्मा हात झटकत म्हणाली. "म्हणून इबूत लावले."

अप्पांनी वाकून दोन्ही चाकं निरखली. "अन् माझ्या खडूच्या खुणा?"



"पुसले की! फळा पुसल्याबिगर तुम्ही तरी कधी लिहिलाव का?"