दुसरा गिअर

विद्यापीठाच्या प्रवेशासाठी स्वतःबद्दल निबंध हवा होता. रिनाने खरं तेच लिहिलं: आमच्या मोलगी गावची जीप इतकी भरतात, की मी गिअरच्या दांड्याला चिकटून बसते, दुसरा गिअर टाकायचा तर माझा गुडघा उचलावा लागतो. क्लासच्या सरांनी त्यावर फुली मारली. “विनोद कसले करतेस? अनवाणी चालत येते असं लिही. वाचणारा रडला पाहिजे!” तिसऱ्यांदा कागद परत आल्यावर वैतागून तिने सर म्हणाले तसं लिहून टाकलं. जीपने परतताना, निबंधाचं ठाऊक असलेल्या ड्रायव्हर दोधूआप्पांनी विचारलं, “मन्ही गाडीबद्दल काय लिखं, बेटा?” “अनवाणी चालत येते, असं लिहिलंय.” आप्पांनी करकचून ब्रेक दाबला. “मंग उतर खाले. चाल!” जीपभर हशा पिकला. गाडी हलली, दुसऱ्या गिअरला रिनाचा गुडघा आपोआप वर गेला. त्याच गुडघ्यावर कागद ठेवून तिने सरांच्या वाक्यावर फुली मारली.