सारवलेली जागा

काठी टेकत प्रयागबाई खिडकीपर्यंत पोचल्या, तेव्हा त्यांना शेणाचा वास आला.

वास पुढच्या खोलीतून येत होता. मुलाच्या या नागपुरातल्या घरात शहाबादी फरशी होती आणि सून गोपिका ती रोज फिनेलनं पुसायची. शेणाचं या घरात काही कामच नव्हतं.

“काय सारवून राहिली वं गोपिका?”

“काही नाही, आई. मांजरानं घाण केली होती,” गोपिका दाराआडूनच बोलली. “तुम्ही पडून राहा.”

पडून राहा! दीड महिना हीच गोपिका ‘उठा, चाला’ म्हणत मानगुटीवर बसली होती. प्रयागबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं, धंतोलीतल्या दवाखान्यात आत सळई बसवली, तेव्हापासून रोज दोन पावलं जास्त चालायची हा घरातला नेम होता. प्रयागबाईंनाही घाई होतीच. उमरेडजवळच्या त्यांच्या बागेत संत्र्यांची तोडणी सुरू झाली होती, आणि आपला आवाज चढल्याशिवाय तिथे एक टोपली धड भरत नाही असा त्यांचा ठाम समज होता.

नवरा, बापूजी, आठवड्यापूर्वीपर्यंत रोज उशाशी येऊन बसायचे. कडबा कापायच्या यंत्रात सापडून त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धंच उरलं होतं. तेच बोट खुब्यावर टेकवून विचारायचे, “दुखते का वं?” आणि उत्तराची वाट न पाहता म्हणायचे, “तू काठीबिगर चाल, मी तुले न्यायले येतो.” मग एक दिवस ते आलेच नाहीत. तोडणीसाठी घाईनं गावी गेले, असं मुलानं, रुपरावानं, सांगितलं. न भेटता गेले म्हणून प्रयागबाई अजून फुगून होत्या.

त्या खाटेवर टेकल्या. कालपासून घरात काहीतरी बिनसलं होतं. काल दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि हाड मस्त जुळलं म्हणून पाठ थोपटली. पण त्यांना रिक्षात बसवून रुपराव ‘चिठ्ठी राहिली’ म्हणत परत वर गेला, तो अर्ध्या तासानं उतरला. डोळे लाल.

“का म्हणे गा डॉक्टर?”

“काही नाही.”

“मंग तुहं तोंड काहून उतरलं?”

रुपराव रिक्षावाल्याला रस्ता सांगू लागला. रस्ता रिक्षावाल्याला ठाऊक होता.

आज त्यानं कचेरीत रजा टाकली होती, आणि सकाळपासून तो घरात नव्हता.

दुपारच्या एसटीनं उमरेडहून प्रयागबाईंची धाकटी बहीण सिंधूताई आली. कुणी बोलावलं, का आली, काही सांगेना. चहासुद्धा घेतला नाही. प्रयागबाईंना समोर बसवून तिनं त्यांच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. मग पुडकं सोडून हिरव्या बांगड्या काढल्या.

“कोनाचं लगन आहे वं?” प्रयागबाईंनी हसून विचारलं.

“असू दे, बाई. आज भर हात.”

शेवटची बांगडी चढवताना सिंधूताईच्या हातून फुटली. तुकडेही न उचलता ती तोंडाला पदर लावून उठून गेली.

प्रयागबाईंचं हसू मावळलं. त्यांनी देवघराकडे पाहिलं. बापूजींबरोबर काशीहून आणलेला गंगेचा गडू जागेवर नव्हता.

मग त्यांना सगळं कळलं. सासूच्या वेळी हे सारं त्यांनीच तर केलं होतं. खाटेवर जीव जाऊ नये म्हणून माणसाला खाली सारवलेल्या जागेवर घेतात. गडू फोडून गंगेचं पाणी तोंडात घालतात. आणि बाई सवाष्ण असेल, तर हिरवा चुडा भरून, मळवट भरून तिला पाठवतात. या घरात आजारी माणूस दुसरं होतं तरी कोण?

हाडाचं नाव पुढे करून डॉक्टरांनी दुसरंच काही पाहिलं असणार. एक तेवढं बरं, सवाष्ण जातेय, असं त्यांच्या मनात आलं. ते समाधान काही टिकलं नाही. त्यांना राग आला, भयंकर राग. भूक लागतेय, झोप लागतेय, सुनेच्या भाजीत मीठ जास्त पडलेलं कळतंय, आणि ही माणसं जागा सारवून मोकळी!

त्यांनी काठी खाटेवर फेकली आणि उठल्या.

खुबा ठणकत होता. दाराची चौकट धरली, सोडली. पडवी ओलांडली. कुठंही हात न टेकता त्या पुढच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. मधोमध शेणाचा ओला चौकोन, त्याच्याजवळ तांब्याचा गडू आणि वाटीत तुळशीची पानं. गोपिका आणि सिंधूताई जमिनीवर बसल्या होत्या.

“पाहा!” प्रयागबाई गरजल्या. “काठीबिगर आली! मी कुठं मरून राहिली? उचला हे सगळं!”

बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला.

“आई, तुम्ही आत चला,” गोपिका रडकुंडीला येऊन म्हणाली.

“नाही जात. डॉक्टरले आणलं असन रुपरावानं, तर त्यालेही पाहू दे मले चालताना.”

दार उघडलं. रुपराव पाठमोराच आत आला. त्यानं स्ट्रेचरचे दोन्ही दांडे धरले होते आणि दुसऱ्या टोकाला दवाखान्याचा माणूस होता. सारवलेल्या जागेपाशी ते सावकाश वाकले.

चादरीबाहेर लोंबणाऱ्या डाव्या हाताचं एक बोट अर्धंच होतं.