उस्तादांचा पंजा

खंडेनवमीच्या सकाळी सुनेनं शटर वर सारलं आणि शिवलिंगअप्पा दारातच थबकले. काजळीनं माखलेलं त्यांचं गॅरेज पांढरंशुभ्र झालं होतं. पान्हे ओळीनं टांगलेले, फरशीवर ग्रीसचा ठिपका नाही. अप्पा तापानं घरी पडून होते, तेवढ्यात सुनेनं, राजश्रीनं हा उद्योग उरकला होता.

"इथं गाड्या आणायच्या की पेशंट?" अप्पा कुरकुरले, पण नजर कौतुकानं भिरभिरत होती. मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं. ते लगबगीनं मागच्या भिंतीपाशी गेले.

त्यांना काम शिकवणाऱ्या दस्तगीर उस्तादांचे गुडघे दुखायचे. गाडीपासून उठताना ते रोज त्या भिंतीवर एकाच जागी हात टेकायचे. उस्ताद गेले, तेलकट पंजा तेवढा मागे राहिला होता.

तो तिथंच होता, काळाभोर. भोवतीनं रंग इतका जपून फिरवला होता, की एक बोटही पुसलं नव्हतं.

"हा डाग का ठेवलास?" अप्पांनी विचारलं.

"शटर उघडलं की तुम्ही पहिला तिथं हात लावता, अप्पा."

अप्पांनी हत्यारांसाठी आणलेलं हळदकुंकू बाजूला ठेवलं. आपल्या हाताखाली इंजिन खोलायला शिकलेल्या सुनेचा हात धरला, ट्रेमधल्या जळक्या ऑइलात बुडवला आणि उस्तादांच्या पंजाशेजारी भिंतीवर टेकवला.

"अहो अप्पा, नवा रंग!"

"आता कुठं पुरा झाला."