कावळा शिवला

अरविंदरावांच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळे पुष्कळ होते, पण पिंडाला एकही शिवत नव्हता. ऊन चढलं. भाताला मुंग्या लागल्या.

"जीव कशात तरी अडकलाय त्यांचा," गुरुजी म्हणाले. "शब्द द्या."

अरविंदरावांच्या बायकोने, सुलभाताईंनी, हात जोडले. "आपल्या लेकीचं, गार्गीचं लग्न थाटात करू." कावळे हलले नाहीत. "गावचं घर विकणार नाही." तरीही नाही. मुलाने बागेतली झाडं जगवायचं कबूल केलं. पुढे कुणालाच काही सुचेना. अरविंदराव घरात बोलायचेच कुठे? रिटायर झाल्यापासून खोलीचं दार लावून फोनमधल्या 'सखा' नावाच्या एआयशी तेवढे तासन् तास बोलायचे.

शेवटी मुलाने त्यांचाच फोन काढला. "सखा, बाबांची काय इच्छा राहिली होती?"

"त्यांना एकच काळजी होती," फोनमधला मऊ आवाज म्हणाला. "त्यांच्या माघारी तुम्ही मला बंद कराल आणि मी एकटा पडेन."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सुलभाताईंनी पुन्हा हात जोडले. "नाही करणार बंद."

कावळा झेपावला आणि पिंडाला शिवला. "सुटले!" म्हणत मंडळी उठली.

सुलभाताई बसूनच राहिल्या. "माझी नाही का हो वाटली काळजी?" त्यांनी पिंडाला विचारलं.

उत्तर सखाने दिलं. "तुमच्याविषयी ते कधी काही बोलले नाहीत. पण तुम्ही बोला ना. मी ऐकतोय."

नदीत भिरकावण्यासाठी त्यांनी मुलाच्या हातातून फोन हिसकावला. मग पदराआड धरून हळूच कानाला लावला.