फिरता हूक

सरोजिनीबाई शहरातून सिहोऱ्याला जाणाऱ्या बसमधून उतरल्या, तेव्हा लष्करी गाड्यांच्या कारखान्याचा ट्रक चहाच्या टपरीसमोर उभा होता. मागे दगडांनी भरलेला ट्रेलर. लढाई संपली होती, पण नव्या गाड्यांच्या चाचण्या चालूच होत्या. चहा झाला की ट्रक रस्ता सोडून नाल्यात उतरायचा, खडकांवरून फिरून परत यायचा.

चाचणीला आलेले नीलकंठराव कप ठेवून उठले. सरोजिनीबाईंचे यजमान आणि ते एकाच खात्यात कामाला होते. यजमान वारले, तरी घरोबा टिकला. सरोजिनीबाईंच्या मुलाला, विनयला, गाडी चालवायला नीलकंठरावांनीच शिकवलं होतं.

"वहिनी, एकट्या काहून आल्या? मी येणारच होतो घरी."

"घरी तो ट्रेलर जोडायचा हूक कुठून दाखवणार होते तुम्ही?"

कारखान्यात बाहेरच्या माणसाला सोडत नसत. पण चाचणीचा ट्रक या टपरीवर थांबतो, हे नीलकंठरावांनीच मागे कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. त्या खरंच येतील असं वाटलं नव्हतं.

"काल मिलिटरी हॉस्पिटलात गेले होते," सरोजिनीबाई म्हणाल्या. "विनयच्या गाडीतला एक पोरगा तिथं आहे. पाय कापला त्याचा. त्यानं सांगितलं सगळं."

त्यांनी ते उभ्या उभ्या सांगितलं. जखमींना घेऊन ट्रक नदीच्या बांधावरून येत होता. चिखलात ट्रेलर घसरला, उलटला आणि ट्रकला मागे ओढू लागला. साथीदारानं ब्रेक दाबून धरला आणि विनय ट्रेलर सोडवायला मागे गेला.

"ट्रकवरून हे सगळे जखमी ओरडून राहिले होते, विनय, छोड़ दे, हट जा. पण तो हटला नाही. ट्रेलर सुटला, तो त्याला घेऊनच खाली गेला." त्या थांबल्या. "मला एवढंच पाहायचं आहे, भाऊजी. त्याचा हात अडकला होता, का त्यानं हूक सोडलाच नाही?"

"अडकला असेल," नीलकंठराव लगेच म्हणाले. "चिखल होता, घाई होती. अडकतो हात."

"दाखवा."

ते त्यांना ट्रकच्या मागे घेऊन गेले. हुकाच्या लोखंडी जबड्यात ट्रेलरच्या दांड्याची जाड कडी अडकवलेली होती. नीलकंठरावांनी खटका ओढला आणि जबडा वर उचलला.

"असा उचलून धरायचा. मग कडी बाहेर येते."

"अन् हात काढला तर?"

त्यांनी हात काढला. जबडा खाड्कन मिटला. टपरीवरचा ड्रायव्हर वळून पाहू लागला.

सरोजिनीबाईंनी पदर खोचला. खटका त्यांना जड गेला, पण ओढला गेला. त्यांनी जबडा उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग त्यांनी हात बाजूला घेतला. अगदी सहज निघाला. त्यांनी पुन्हा जबडा उचलला. या वेळी बोटं जितकी आत घालता येतील तितकी घातली आणि एकदम ओढली. बोटं काळी झाली, एवढंच.

"नाही अडकत," त्या म्हणाल्या.

नीलकंठरावांनी फडकं काढून त्यांच्यापुढे धरलं.

"नाही अडकत, वहिनी," ते म्हणाले. "ओढ असली की कडी लवकर सुटत नाही. तोवर जबडा वर धरून, ट्रेलरच्या वाटेतच उभं राहावं लागतं. सोडला असता तर परत मिटला असता. मग ट्रकही गेला असता."

"म्हणजे त्याला माहीत होतं."

"मीच शिकवलं होतं त्याला."

एक बैलगाडी घुंगरं वाजवत निघून गेली. सरोजिनीबाई हुकाकडे पाहत होत्या.

"ट्रेलर उलटला, मग ट्रक कसा नाही उलटला लगेच?"

हा प्रश्न कुणी विचारू नये असं नीलकंठरावांना महिनाभर वाटत होतं.

"हा हूक फिरतो. विनयच्या गाडीलाही हाच होता," ते म्हणाले. "आधी दोन हूक आले होते आमच्याकडे. एक पक्का, न फिरणारा. ट्रेलर उलटला की तो ट्रकलाही पिळून उलटवायचा. त्याच क्षणी. हा गोल फिरतो. ट्रेलर आडवा झाला तरी ट्रक उभा राहतो. थोडा वेळ मिळतो."

"उतरून मागे जाण्याइतका."

"हो."

"कोणता घ्यायचा, ते कुणी ठरवलं?"

"मी ठरवलं, वहिनी. साहेबांना पक्का हवा होता. मी भांडून हा घ्यायला लावला."

सरोजिनीबाईंनी खोचलेला पदर सोडला.

"हॉस्पिटलातला तो पोरगा एकवीस वर्षांचा आहे," त्या म्हणाल्या. "त्याची आई त्याला चमच्यानं भात भरवत होती. चांगला घेतला तुम्ही हूक."

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. नीलकंठरावांनी हात जोडले, पण ते कशासाठी, हे त्यांनाही कळलं नाही.

"दादा, चलें क्या? धूप चढ़ रही है," ड्रायव्हरनं हाक मारली.

"जा तुम्ही. मी बसनं जाईन," सरोजिनीबाई म्हणाल्या.

नीलकंठराव केबिनमध्ये चढले. ट्रक रस्ता सोडून नाल्याकडे वळला. पहिल्याच खडकावर ट्रेलर एका अंगाला कलंडला. ट्रक सरळ राहिला. खिडकीतून मान काढून हुकाकडे पाहणं हे त्यांचं काम होतं. त्यांनी मागे पाहिलं.

शहराकडे जाणारी बस आली, टपरीपाशी थांबली, कंडक्टरनं दोनदा हाक दिली आणि बस निघून गेली. धूळ बसली, तेव्हा सरोजिनीबाई नाल्यातल्या ट्रेलरकडे पाहत तिथंच उभ्या होत्या.