पाहुणी

नर्सिंग झालेली हेमलता सध्या शिरपूरला जर्मन शिकायला जायची. घरात ती आणि तिची माय, चमेलीबाई, दोघीच. त्या दिवशी हेमलता ओट्यावर माठाला मोबाईल टेकवून बसली. पलीकडे जर्मनीतल्या दवाखान्यातली पांढऱ्या केसांची बाई. बाई काहीतरी विचारायची, की ही मान हलवून म्हणायची, "या, या."

चमेलीबाईला सगळ्या बोलण्यातला तेवढाच शब्द कळला, पण पक्का कळला. पोरगी पाहुणीला बोलावतेय! तिनं अंगण झाडलं, सडा मारला, ठेवणीतलं लुगडं नेसलं, चुलीवर चहा ठेवला. तिला तर ती बाई दिसायलाही लागली. एसटीतून उतरलेली, केळीच्या बागेतून पांढरे बूट सांभाळत येणारी, पानांतून गळणारं हिरवं ऊन तिच्या केसांवर. ओट्यावरून पुन्हा आवाज आला, "या, या." चमेलीबाईनं चहात दूध जरा जास्तच ओतलं.

फोन बंद झाला.

"कधी येई राहिनी वं ती बाई?"

"कोन बाई?"

"आवं, इतलं या या करीसन बलाई राहिनी व्हती ना तू!"

हेमलता हसून हसून लोळली. "माय, तू बी ना! त्यास्ना भाषामा 'या' म्हंजे 'हो' शे."

चमेलीबाईही हसली. मग चहा गाळता गाळता तिचा हात थांबला.

"मंग ती तुले काय इचारी राहिनी व्हती?"

हेमलताचं हसू विरलं.

"'आमनाकडे येशी का?' आसं."