बंद केलेला प्रश्न

बाथरूम धुणाऱ्या आईचा खोकला थांबेना, तेव्हा ऋजुताने भिंतीवरच्या उत्तरयंत्राला विचारलं, "ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड मिसळलं तर काय होतं?"

"धोकादायक रसायनांविषयीचे प्रश्न बंद आहेत," यंत्र म्हणालं.

तिने शब्द बदलून पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं. ती धावत वरच्या मजल्यावर डिग्रजकर सरांकडे गेली. ते एकेकाळी रसायनशास्त्र शिकवायचे. आता उत्तरं देण्याची परवानगी फक्त यंत्राला होती.

प्रश्न ऐकताच सर जिना उतरून तिच्या घरात शिरले. "क्लोरीन तयार होतो, विषारी असतो! आईला आधी बाहेर काढू."

दोघांनी तिला ओढत गॅलरीत आणलं. मोकळ्या हवेत तिचा श्वास हळूहळू जाग्यावर आला.

एवढ्यात यंत्र बोललं, "अनधिकृत उत्तराची नोंद झाली आहे. पथक निघालं आहे."

"सर, तुम्ही जा इथून," आई कशीबशी म्हणाली.

सरांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि ते ऋजुताजवळ खाली बसले.

"ते यायच्या आत विचारून घे. अजून काय अडलंय?"

ऋजुताने घाईघाईने विचारलं, "काडेपेटीची काडी घासल्यावर का पेटते?"